जुना फ्लॅट द्या, नवा घ्या : सही करण्याआधी

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक, वय ६६. नागपुरात, त्रिमूर्तीनगरला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, १९९८ साली सव्वाचार लाखांत घेतलेला. स्कीम जुनी, लिफ्ट नाही. सौ.चे दोन्ही गुडघे गेलेत. खालपासून दारापर्यंत ५१ पायऱ्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजाऱ्यांनी तिच्यासाठी प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय, तिथे पाच मिनिटं बसून ती उरलेला जिना चढते. बेलतरोडीकडे एका नव्या स्कीमचा बिल्डर म्हणतो, जुना फ्लॅट आम्हाला द्या, नवा घ्या. नव्याची किंमत ७८ लाख. जुन्याचे तो ३२ धरतो, वरचे ४६ लाख आम्ही द्यायचे. नवा फ्लॅट २२ महिन्यांनी मिळणार, जुना मात्र ६० दिवसांत रिकामा करून द्यायचा आणि त्याचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आमच्या वतीनं तो विकण्याचा अधिकार, आत्ताच करून द्यायचं. आमच्या भागातले दोन दलाल ३६-३७ सांगतात, पण गिऱ्हाईक कधी येईल ते सांगत नाहीत. मुलगा इंग्लंडात, लीड्सला असतो. त्यानं तिथं असाच व्यवहार करून घर घेतलं. तो म्हणतो, करून टाका बाबा, डोक्याला ताप नाही. भाव किती ताणावा, आणि जपायचं काय?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचताना मी त्या स्टुलापाशी थांबले. जिना सोडायचा हा तुमचा निर्णय बरोबर आहे आणि तो लांबवू नका. पण जो कागद पुढे केलाय त्यावर सही करू नका. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात.

आधी भावाचं बघू. एक्स्चेंज म्हणजे दोन सौदे एका दोरीनं बांधलेले असतात, आणि दोरीची गाठ बिल्डरच्या हातात असते. जुन्याचा भाव वाढवून मागितला की तो नव्यावरची सूट काढून घेतो. नव्यावर सूट मागितली की जुन्याच्या भिंतींची ओल दाखवतो. म्हणून गाठ सोडवून दोन्ही भाव वेगवेगळे काढा. तुमचा एखादा जुना विद्यार्थी किंवा भाचा त्या साइटवर पाठवा आणि सरळ विचारायला सांगा, जुनं काही द्यायचं नाही, सगळे पैसे चेकनं, शेवटचा भाव बोला. समजा उत्तर साडेचौऱ्याहत्तर आलं. आता साडेचौऱ्याहत्तरातून तुम्ही देणार ते ४६ वजा करा. उरले साडेअठ्ठावीस. तुमच्या जुन्या फ्लॅटला खरा भाव मिळतोय तो एवढा, ३२ नव्हे.

दुसरीकडे दलालांचे ३६-३७. हा मागणीचा आकडा असतो, हाती येतो तो त्याच्या थोडा खालचा. लिफ्ट नसलेला तिसरा मजला म्हटल्यावर आपण ३५ धरू. २ टक्के दलाली गेली, ७० हजार. उरले ३४ लाख ३० हजार. म्हणजे या ‘सोयीची’ किंमत तुम्ही ५ लाख ८० हजार मोजताय. शिवाय ६० दिवसांत घर सोडून २२ महिने भाड्यानं राहायचं. महिना १४ हजार धरले तरी ३ लाख ८ हजार, आणि सामान दोनदा हलवायचं. दोन्ही मिळून पावणेनऊ लाखांच्या वर जातं. शिक्षकाच्या निवृत्तीच्या पैशात ही रक्कम लहान नाही.

सोयीला मोल असतंच, ते नाकारू नये. दर रविवारी अनोळखी माणसं घर बघायला येणार नाहीत, इसार देऊन कोणी पळणार नाही, विक्री नक्की. तुमच्या परिस्थितीत याचे मी दीड-पावणेदोन लाख मोजीन, त्यापुढे नाही. म्हणून बोलताना जुन्याचा भाव, नव्याचा भाव असं वेगळं बोलूच नका. वरचा फरक किती, एवढंच बोला. त्यांचा फरक ४६ आहे. तुम्ही ४० पासून सुरुवात करा आणि ४२ ला थांबा. बेचाळीसच्या वर तुमचा फ्लॅट तुम्ही स्वतः विकलेला बरा, मग चार-सहा महिने लागले तरी चालतील.

आता मुलाचं म्हणणं. तो खोटं सांगत नाही, पण तिथला सौदा आणि तुमच्यापुढचा सौदा एक नाही. इंग्लंडात बिल्डर जुन्या घराची किंमत साधारणपणे दोन-तीन स्वतंत्र इस्टेट एजंटांकडून काढून घेतो. जुनं घर सोडणं आणि नवं ताब्यात येणं बहुधा एकाच वेळी होतं. आणि मुख्य म्हणजे विकणारा माणूस त्या घरात स्वतः राहत असेल आणि त्याच बिल्डरकडून नवं घर घेत असेल, तर जुन्या घराच्या खरेदीवर बिल्डरला तिथल्या मुद्रांक शुल्कातून सूट मिळते. आपल्याकडे तशी सूट नाही. नागपूर महापालिकेच्या हद्दीत मूळ ५ टक्के, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १, असे ७ टक्के तरी धराच. बत्तीस लाखांवर ते २ लाख २४ हजार होतात, वर नोंदणीचे ३० हजार. बिल्डरनं तुमचा फ्लॅट स्वतःच्या नावावर घेतला तर हा खर्च त्याच्या अंगावर, आणि पुढे तो विकला की नवा खरेदीदार पुन्हा तेवढंच शुल्क भरणार. कुलमुखत्यारपत्र मागण्याचं कारण हे आहे. मधली खरेदी त्याला कागदावर येऊच द्यायची नाही.

त्याची अडचण मला समजते. पण त्याचा भार तुमच्या सहीवर का? कुलमुखत्यारपत्रानं स्थावराची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच स्पष्ट सांगितलंय. म्हणजे ते करून दिलं तरी फ्लॅट कागदोपत्री तुमचाच राहतो. टॅक्स तुमच्या नावानं येणार, तिथे कोण राहतो याची जबाबदारी तुमची, आणि त्यानं उद्या तो ३८ ला विकला तर ३८ लाख तुमचे म्हणून प्राप्तिकर खात्यात दिसणार, हातात मात्र ३२ चंच समाधान.

यातून चांगली वाट आहे. खरेदीदार बिल्डरनं शोधावा, विक्रीपत्रावर सही तुम्ही स्वतः दुय्यम निबंधकांसमोर बसून करावी. पैसे खरेदीदाराकडून तुमच्या खात्यात यावेत आणि तुमच्या चेकनं बिल्डरला जावेत. शुल्क एकदाच, खरेदीदाराच्या खिशातून. बिल्डरचे अडीच लाख वाचतात, म्हणून त्याला तुमचा भाव वाढवणं परवडतं. ठरलेल्या मुदतीत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर ठरलेल्या भावात बिल्डरनं स्वतः घ्यावा, हे वाक्य करारात हवं. ते नसेल तर त्यानं तुम्हाला काहीच दिलेलं नाही, दलालाचंच काम करतोय तो.

यापुढचं जे आहे ते मला सगळ्यात जवळचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या सासऱ्यांनी २००९ साली असाच व्यवहार केला होता. नव्या फ्लॅटचे ३४ लाख, जुन्याचे ११, वरचे २३. बिल्डरनं छापील ब्रोशरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं तीन आकडे मांडले, ३४, त्याखाली ११, रेघ ओढून २३, आणि खाली सही केली. मामांनी तो कागद चार घड्या करून पासबुकाच्या कव्हरात ठेवला. जुन्या घराची किल्ली त्याच संध्याकाळी दिली. माझं लग्न नुकतंच झालेलं, मी वकील, पण घरातल्या मोठ्यांच्या व्यवहारात बोलायचं कसं म्हणून गप्प बसले. पुढे रजिस्टर झालेल्या करारात नव्या फ्लॅटची किंमत सरळ २३ लाख लिहिली. ‘बाबूजी, तेवढीच स्टँप ड्युटी वाचते,’ असं सांगितलं गेलं. बांधकाम चौथ्या मजल्यावर अडकलं. साडेतीन वर्षांनी पैसे परत मागायची वेळ आली तेव्हा आम्हाला मिळाले ते करारातले २३ आणि त्यावरचं व्याज. अकरा लाखांचा पुरावा म्हणून आमच्याकडे ब्रोशरचा तो तुकडा होता, आणि त्यावर फ्लॅटचा नंबरसुद्धा नव्हता. मामा शेवटपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. त्या तुकड्याच्या घड्या आता फाटायला आल्यात, तो माझ्या कपाटात आहे.

तेव्हा रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा, नव्हता, आता आहे. २०१६ च्या कायद्यानं किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम करार रजिस्टर झाल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही. तुमचा जुना फ्लॅट म्हणजे नव्याच्या किमतीचे चाळीस टक्के आहेत. तो ‘रक्कम’ नाही, घर आहे, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आधी नव्या फ्लॅटचा विक्री करार रजिस्टर, मग जुन्याचा कुठलाही कागद. आणि त्या करारात नव्याची पूर्ण किंमत लिहिलेली हवी. जुन्याच्या विक्रीतून येणारी रक्कम अमुक तारखेपर्यंत होणाऱ्या विक्रीपत्राद्वारे मिळेल, असा तिचा भरणा त्यात वेगळा दाखवलेला हवा. ताबा लांबला तर त्या कायद्यानुसार तुम्ही व्यवहारातून बाहेर पडू शकता, पैसे व्याजासकट परत मागू शकता. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या कर्जदरावर २ टक्के असा असतो. पण ते व्याज कागदावरच्या आकड्यावर बसतं, बोलण्यातल्या नाही.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या स्कीमचा नोंदणी क्रमांक टाकून पाहा. तिथे बिल्डरनं काम पूर्ण करायची कोणती तारीख दिलीय आणि आधी मुदतवाढ घेतलीय का, हे दिसतं. ‘२२ महिने’ हे विक्री ऑफिसातल्या मुलाचं बोलणं आहे. तिथली तारीख चार वर्षांनंतरची असेल तर सावध व्हा. कायदा रजिस्टर करारातली ताब्याची तारीख धरतो, म्हणून ती करारात लिहून घ्या.

किल्लीचं म्हणाल तर माझा हट्ट असा की नव्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, हातात आल्यावर तीस दिवसांनी जुनं घर रिकामं करायचं. बिल्डर कुरकुरेल, कारण त्याला गिऱ्हाईक आत्ता मिळतंय. तो अगदीच ऐकत नसेल तर आधी सोडा, पण मग नव्या घराचा ताबा मिळेपर्यंतचं भाडं आणि एका वेळच्या सामानहलवणीचा खर्च त्यानं द्यायचा, आणि हे रजिस्टर करारात लिहायचं. भाड्याचं घर तळमजल्यावरचं आणि त्रिमूर्तीनगरातच बघा. सौ.ची दुकानं, दवाखाना, शेजारणी तुटू नयेत.

आता एक सुचवते, यावर दोघांनी बसून विचार करा. याच बिल्डरच्या आधीच्या एखाद्या स्कीममध्ये भोगवटा प्रमाणपत्र झालेला, न विकला गेलेला फ्लॅट आहे का, ते विचारा. प्रत्येक बिल्डरकडे एखाद-दुसरा उरलेला असतो. तयार फ्लॅटवर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्यावर ५ टक्के लागतो, साडेचौऱ्याहत्तर लाखांवर तो ३ लाख ७२ हजार होतो. भाडं वाचेल, दोनदा सामान हलणार नाही. एका हातानं जुनी किल्ली, दुसऱ्या हातानं नवी. तुमच्या वयात आणि सौ.च्या गुडघ्यांना एक्स्चेंजचा हाच प्रकार शोभतो असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्याची टाकी, लिफ्ट, वरचा गच्चीचा ताप, सगळं डोळ्यांनी दिसतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता जाऊन बघा, नागपूरचा फ्लॅट तेव्हाच कळतो.

कराचं थोडक्यात. जुना फ्लॅट विकून झालेला नफा दुसऱ्या घरात घातला की भांडवली नफ्याचा कर वाचतो, ज्याला सगळे कलम ५४ म्हणतात ती सवलत. तयार घरासाठी विक्रीनंतर २ वर्षं, बांधकामासाठी ३ वर्षं. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेणार असाल तर जुन्याची विक्री जितकी उशिरा, तितकी तुमची तीन वर्षं सुरक्षित. विक्रीपत्रातली किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, किमतीपेक्षा १० टक्क्यांहून खाली गेली तर कर रेकनरच्या किमतीवर मोजतात, म्हणून ‘कागदावर कमी दाखवू’ याला नाही म्हणा. नवा फ्लॅट एकट्या सौ.च्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. पण जुना तुमच्या नावावर असेल तर मग कलम ५४ वरून वाद होऊ शकतो, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय ते ठरवू नका.

आणि बोलणी सुरू करण्याआधी तुमचेच कागद काढून ठेवा. इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटच्या मालकीचा दस्त), महापालिकेची टॅक्स पावती, शहराला पाणी पुरवणाऱ्या ओसीडब्ल्यू कंपनीचं बिल. जमीन नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजवर असेल तर लीजचं नूतनीकरण झालंय का ते आधीच बघा. ते अडलेलं असलं तर बिल्डर शेवटच्या आठवड्यात तेच कारण काढून दोन लाख कमी करायला लावतो, आणि तोवर तुम्ही मनानं नव्या घरात राहायला गेलेले असता.

प्रश्न : मानेवाडा रोडकडे गुंठेवारी ले-आऊटमध्ये १५०० फुटांचा प्लॉट आणि त्यावर जुनं घर आहे. आरएल (नियमितीकरणाचं पत्र) झालेलं आहे. बिल्डर म्हणतो, घर पाडून सहा फ्लॅट बांधतो, दोन तुम्हाला आणि वर १० लाख. हेही एक्स्चेंजच ना? मिस्टर गेल्यापासून सगळं मीच बघते.
– एक भगिनी

उत्तर : नाही ताई, हे एक्स्चेंज नव्हे, विकास करार आहे, आणि यात तुमची जोखीम जास्त आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत फ्लॅटच्या स्कीमला रेराची नोंदणी लागत नाही. तुमचा प्लॉट १४० चौरस मीटरही नाही आणि फ्लॅट सहाच. म्हणजे संकेतस्थळावर बघायला काही नाही. तुमचं सगळं संरक्षण करारातल्या शब्दांत आहे, म्हणून तो कितीही घाई केली तरी रजिस्टरच करायचा.

तुमचे दोन फ्लॅट कोणते, कुठल्या मजल्यावरचे, कार्पेट किती, हे मंजूर नकाशावर रंगवून कराराला जोडून घ्या. आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, सहा फ्लॅट बांधायची परवानगी नव्हे. नकाशा मंजूर होईपर्यंत घर पाडू देऊ नका. बाकीचे चार फ्लॅट विकायचं मुखत्यारपत्र एकदम देऊ नका, स्लॅब पडेल तसतसं द्या. करार रजिस्टर असला तर कर साधारणपणे पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी लागतो. मात्र त्याआधी तुमच्या वाट्याचा फ्लॅट विकलात तर ही सवलत जाते. आणि मिस्टरांच्या नावावर प्लॉट असेल तर मुलांसकट सगळ्या वारसांची नावं आधी चढवून घ्या. दहा लाखांपैकी काही रोख देतो म्हणाला तर नको म्हणा. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

प्रश्न : एक्स्चेंजमध्ये जुन्या फ्लॅटची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच जीएसटी लावतो, असं बिल्डर सांगतो. बरोबर आहे का?
– प्रतापनगर

उत्तर : नाही. मोबदला पैशात असो वा घराच्या रूपात, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटच्या पूर्ण किमतीवर कर बसतो. तुमच्या जुन्या फ्लॅटच्या विक्रीवर मात्र जीएसटी नाही. आज तो कमी लावून गिऱ्हाईक खूश करेल, उद्या खात्याची नोटीस आली की फरक तुमच्याकडे मागेल. जीएसटीची एकूण रक्कम करारात आकड्यात लिहून घ्या, आणि त्यापुढे एक ओळ : यापेक्षा जास्त कर निघाल्यास तो बिल्डर भरेल.